ट्यूबचं बेस हेड घ्यायचंय? आधी जिना मोजा

माझं पहिलं ट्यूब हेड, म्हणजे बेस गिटारच्या अँपचा स्पीकर नसलेला, काचेच्या नळ्यांवर चालणारा खोका, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चढवताना आम्ही चौघं होतो आणि दोनदा जिन्यातच बसलो. छत्तीस किलो म्हणजे फार नाही, सिमेंटचं पोतं पन्नासचं असतं. पण पोत्यात काचेच्या नळ्या नसतात आणि पोत्याचा सगळा भार एका कडेला झुकलेला नसतो. वर पोचल्यावर शेजारच्या पोरानं मागच्या पट्टीवरचा आकडा वाचला आणि म्हणाला, "तीनशेच वॅट? आमच्या मंडळाचा डॉल्बी बघा की दादा."

त्याचं चुकलं नव्हतं. गणपतीच्या मिरवणुकीत छाती हलवणाऱ्या भिंती बघत वाढलेल्या गावात तीनशे हा आकडा कुणाला मोठा वाटणार? मला मात्र त्या हेडनं पुढची दोन वर्षं बरंच काही शिकवलं, तेही खिशाला भोक पाडून. आधी आवाजावर भाळून हेड घेतलं, मग त्याला जुळणारं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, शोधत फिरलो, मग खोलीतली वीज तपासली आणि सगळ्यात शेवटी दुरुस्त कोण करणार हे विचारलं. हा क्रम बरोबर उलटा हवा होता. खालच्या पायऱ्या म्हणून साधारण त्या उलट्या क्रमानंच लावल्यात, दुरुस्तीची गोष्ट तेवढी शेवटी आलीय. रॉक बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या आणि पहिल्यांदाच ट्यूबकडे वळणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय.

१. कुठे वाजवणार आणि कोण उचलणार

गेल्या वर्षभरातले तुमचे कार्यक्रम आठवा. कॉलेजचं गॅदरिंग, एखादं रिसॉर्ट, कुणाच्या तरी लग्नाचं संगीत. यातल्या बहुतेक ठिकाणी साउंडवाला तुमच्या बेसची लाइन थेट मिक्सरला घेतो आणि लोकांना ऐकू येतं ते त्याच्या स्पीकरमधून. तुमचं हेड तिथे फक्त तुमच्या पाठीशी उभं असतं. महिन्यातून एकदा असाच कार्यक्रम होत असेल, तर चांगला प्रीअँप पेडल (आवाज घडवणारा पायाजवळचा डबा) किंवा डीआय बॉक्स (बेसची लाइन मिक्सरला जोडणारी डबी) आणि तीन-चार किलोचं क्लास-डी हेड (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारं हलकं हेड) यात काम होतं. मीही आजकाल निम्म्या कार्यक्रमांना तेच नेतो.

ट्यूबची खरी किंमत वसूल होते ती तालमीच्या खोलीत आणि छोट्या हॉलमध्ये, जिथे ड्रम्स माइकशिवाय वाजतात आणि बेसचा आवाज तुमच्या कॅबिनेटमधूनच येतो. तिथे जोरात पिक मारला की ट्यूब किंचित दबते आणि सुराला कडेनं खरखरीत साल येते. हळू वाजवलं की तीच नोट गोल लागते. हे बोटाला कळतं. मोबाइलच्या स्पीकरवर व्हिडिओ बघून नाही कळत.

मग जिना मोजा. गाडीच्या डिकीत हेड आणि कॅबिनेट दोन्ही बसतात का ते बघा. दर वेळी छोटा हत्ती सांगावा लागणार असेल, तर ते भाडं वर्षाच्या हिशोबात धरा.

२. वीज

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडे हेड मरतात ती वाजवून नाही, विजेनं मरतात.

आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेतून कुणाच्या तरी सामानातून आलेलं हेड १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असू शकतं. मागची पट्टी स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या "चालतं की" वर जाऊ नका. काही हेडच्या आत ट्रान्सफॉर्मरला २३० ची वायर असते आणि जाणकार माणूस ती जोडून देतो. नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. परदेशी ट्रिमरसाठी मिळणारी डबी इथे कामाची नाही. तीनशे वॅटच्या हेडला हजार व्हीए (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद) किंवा त्याहून मोठा घ्या. त्यातही एक मेख आहे. स्टेपडाउन व्होल्टेज कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो.

आता मंडप. थ्री-फेज कनेक्शनवरून लाईटवाला तीन वायरी ओढतो आणि कुठेतरी न्यूट्रलचा सांधा सैल राहतो. तो सुटला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी चारशेच्या दिशेनं व्होल्टेज चढू शकतं. दोन-चार बल्ब फटाफट उडतात, सगळे "न्यूट्रल गेला" म्हणून ओरडतात, आणि तोवर तुमचं हेड गेलेलं असतं. म्हणून प्लग लावायच्या आधी मल्टिमीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० दिसायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर लाईटवाल्याला बोलवा. चिडला तर चिडू दे. २५० च्या वर काटा असेल तर मी हेड खोक्यातून काढतच नाही.

घूं असा आवाज येतो म्हणून प्लगची जाड अर्थपिन मोडणारे महाभाग मी पाहिलेत. तुमच्या हातात बेसच्या लोखंडी तारा असतात आणि समोर ओठाला लागणारा माइक. अर्थ नसेल तर मधला जोड तुम्ही. घूं घालवायचा तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, पिनेला हात लावू नका.

३. कॅबिनेट, ओहम आणि माझा जळका वास

ट्यूब अँपमध्ये आउटपुट ट्यूब आणि स्पीकर यांच्या मध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो. हेडच्या किमतीतला मोठा वाटा त्याचा, आणि वजनातलाही. त्याला पुढे स्पीकरचा भार लागतोच. स्पीकर न जोडता ट्यूब हेड चालू करून वाजवलं की आत व्होल्टेज उसळतं आणि हा ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबचं सॉकेट जळतं. ट्रान्झिस्टरच्या अँपची गोष्ट उलटी, त्याला मोकळं राहणं चालतं, शॉर्ट सर्किट चालत नाही. एका प्रकारच्या सवयी दुसऱ्यावर नेल्या की नुकसान ठरलेलं.

ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, त्याचा हिशोब सोपा आहे. आठ ओहमचं एक कॅबिनेट असेल तर हेड आठवर ठेवा. आठ-आठची दोन समांतर जोडली तर चार. चार-चारची दोन जोडली तर दोन. हेडच्या मागे त्या आकड्याचं भोक किंवा खटका असायला हवा. नसेल तर ती जोडी जमत नाही, विषय संपला. मी दोन ठिकाणी बघितलंय की लोक आधी हेड घेतात आणि मग जे कॅबिनेट मिळेल त्यावर आकडा "साधारण जुळवतात". साधारण जुळवायला ही काही लग्नाची पत्रिका नाही.

आणि केबल. स्पीकरची केबल आणि गिटारची केबल, दोन्हींची टोकं सारखीच दिसतात. गिटारच्या केबलमध्ये मधली तार केसाएवढी बारीक असते आणि भोवती जाळी. तिला हेडमधून कॅबिनेटला जाणारा करंट सोसत नाही. एका तालमीला स्पीकर केबल घरी राहिली, मी म्हटलं आजच्या दिवस चालेल. चौथ्या गाण्यात आवाज तुटायला लागला, मग गेला, मग वास आला. केबल आत जळून तुटली होती, आणि मला कळेपर्यंत हेड स्पीकरशिवाय वाजत होतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन उद्यमनगरात एका रिवायंडिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. पंपाच्या आणि लेथच्या मोटारी आयुष्यभर भरलेला माणूस. त्यांनी चष्मा वर करून गुंडाळी उलगडून बघितली आणि म्हणाले, "ही मोटारीची गुंडाळी न्हाई भावा. आतली-भायेरची, आतली-भायेरची, अशी येणी घातल्यागत भरलीया. मी भरून दीन, पण आवाजाची जबाबदारी माझी न्हाई." किती प्रामाणिक माणूस. वेणीची उपमा अगदी बरोबर होती. प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक भरलेले असतात, तसे नसले तर वरचे सूर मरतात. शेवटी ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवला आणि त्या पैशात एक बरा बेस आला असता.

स्पीकर केबल दोन ठेवा. एक कॅबिनेटलाच कायमची बांधून.

४. वॅटचा खरा हिशोब

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे शंभर आणि तीनशे वॅटमधला फरक पाच डेसिबलच्या आतला आहे. चांगला जाणवेल एवढा, पण तिप्पट मुळीच नाही. अधिक दम असलेलं कॅबिनेट घेतलं किंवा तसंच दुसरं जोडलं तर तीन डेसिबल हेड न बदलता मिळतात.

तरीही गिटारवाल्याचे पन्नास वॅट आणि आपले पन्नास वॅट सारखे नाहीत. बेसची सगळ्यात जाड ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारची ८२ वर. इतक्या खालच्या सुराला हवा ढकलायला ताकद जास्त लागते. पन्नास वॅटच्या हेडचा आवाज जोरदार ड्रमरसमोर लगेच फाटतो. शंभर वॅटच्या ट्यूब हेडचा आवाज फाटण्याच्या उंबरठ्यावर असतो, आणि माझ्या मते रॉकसाठी तीच मजा आहे. तीनशे वॅट म्हणजे मोठ्या आवाजातही स्वच्छ राहायची मुभा. पाच तारांचा बेस असेल आणि खालची बी स्वच्छच हवी असेल, तर वरच्या आकड्याकडे जा.

५. आता हेड निवडा

आधी पाटीचा सापळा. "ट्यूब प्रीअँप" लिहिलेलं हेड ट्यूब हेड असेलच असं नाही. पुढे एखादी बोटाएवढी १२एएक्स७ ट्यूब आणि मागे सगळे ट्रान्झिस्टर, याला हायब्रिड म्हणतात. वाईट नसतं, अँपेग कंपनीचंच एसव्हीटी-३ प्रो तसं आहे आणि अनेकांना पुरतं. पण पैसे पूर्ण ट्यूबचे देऊ नका. मागच्या जाळीतून टॉर्च मारा. आत मोठ्या आउटपुट ट्यूब दिसल्या पाहिजेत, ६५५०, केटी८८, ६एल६ किंवा ईएल३४.

अँपेग एसव्हीटी. १९६९ साली आलं. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर रोलिंग स्टोन्सनी याचे सुरुवातीचे नमुने नेले होते. तीनशे वॅट, सहा आउटपुट ट्यूब. सोबतचं दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट, ज्याला सगळे फ्रिज म्हणतात, ते एकटं साठ किलोच्या वर. आवाज मात्र असा की बेस ऐकू यायच्या आधी खुर्चीला कळतो. आताच्या एसव्हीटी-सीएलवर मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, पाच ठिकाणी फिरणारा खटका आहे. ८०० हर्ट्झवर ठेवून थोडा वाढवा, दोन गिटारांच्या मधून बेस बाहेर येतो. अल्ट्रा लो हे बटण खोलीत एकट्यानं वाजवताना फार गोड लागतं, पण ते मिड खाऊन टाकतं आणि बँड सुरू झाला की तुम्ही गायब. मी सहा महिने ते दाबून वाजवत होतो आणि सगळ्यांना विचारत होतो, बेस ऐकू येतोय ना?

अँपेग व्ही-४बी. शंभर वॅट, चार आउटपुट ट्यूब, वजन एसव्हीटीच्या साधारण निम्मं. कुटुंबाचा चेहरा तोच, आवाज जरा लवकर फाटणारा. चार माणसांचा बँड आणि दोनशे-तीनशे लोकांचा हॉल एवढंच तुमचं जग असेल, तर मी डोळे मिटून हे सांगीन.

ऑरेंज एडी२००. दोनशे वॅट, चार ६५५०, वजन पंचवीस किलोच्या आसपास. एकच चॅनेल, गेन, तीन टोन आणि व्हॉल्यूम, बस. मिड मुळातच पुढे, लवकर गुरगुरतं. जड रिफ वाजवणाऱ्यांचं हेड. स्लॅप (अंगठ्यानं तार आपटून) वाजवणाऱ्यानं आधी तासभर वाजवून बघावं.

फेंडर बेसमन. नाव बेसचं, १९५२ साली बनवला तोही बेससाठीच, पण गिटारवाल्यांनी पळवला. मार्शल कंपनीचा १९६२ चा पहिला अँप याच्याच नकाशावर उभा राहिला. जुना पन्नास वॅटचा "बेस" हेड म्हणून कुणी असलं काही दाखवलं, तर स्टुडिओसाठी घ्या, नाहीतर तुमच्या गिटारवाल्याला सांगा. तो खूश होईल.

६. जुनं हेड बघायला जाताना

नवं तीनशे वॅटचं हेड लाखांत जातं, त्यामुळे बहुतेकांची गाठ जुन्याशीच. सोबत हे न्या:

- स्वतःचा बेस, गिटार केबल आणि वेगळी स्पीकर केबल
- मल्टिमीटर आणि टॉर्च
- लाकडी पेन्सिल
- हेडच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याचे दोन फ्यूज
- जमलं तर स्वतःचं कॅबिनेट

आणि हे कागद मागा: मूळ बिल, बाहेरून आणलं असेल तर कस्टम्सचा कागद, सीरियल नंबरचा फोटो आणि ट्यूब शेवटच्या कधी बदलल्या त्याची पावती. स्वतः बाहेरून मागवणार असाल तर कस्टम्स ड्यूटी नुसत्या किमतीवर नसते, वाहतूक आणि विमा धरून असते. छत्तीस किलोची वाहतूक किती, ते आधी विचारा.

सगळ्यात आधी हेड बंद असताना प्लग काढून फ्यूज बघा. माझ्या त्या पहिल्या हेडच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. दुसऱ्या शहरातून घेतलेलं, विकणारा गोड बोलणारा, मी फ्यूज उघडून बघितलाच नाही. चांदी गुंडाळलीय याचा अर्थ फ्यूज वारंवार उडत होता, आणि फ्यूज उगाच उडत नाही.

मग चालू करा. स्टँडबायचा (ट्यूब आधी तापू देणारा) खटका असेल तर आधी पॉवर, एखादं मिनिट थांबून स्टँडबाय. दिवे मंद करा आणि मागून बघा. आत नारिंगी फिलॅमेंट दिसणं ठीक. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी सहसा काळजी नसते. पण ट्यूबच्या आतला करडा पत्राच तांबडा होऊ लागला तर ताबडतोब बंद करा. एकतर ट्यूब गेलीय किंवा बायस, म्हणजे ट्यूबमधून किती करंट वाहावा ते ठरवणारी जुळणी, बिघडलाय. प्रीअँपच्या छोट्या ट्यूबना पेन्सिलीनं हलकं टिचकवा. थोडा टकटक आवाज चालतो, घंटेसारखा किंवा किंचाळल्यासारखा आला तर ती ट्यूब बदलायला झाली.

अर्धा तास तरी वाजवा. चहा आला तरी वाजवा. थंड हेड सगळेच गोड वाजतात, तक्रारी तापल्यावर सुरू होतात.

पेटी उघडू नका. एसव्हीटीसारख्या हेडमध्ये सातशेच्या घरातलं व्होल्टेज फिरतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठलेलं राहतं. माणूस मरू शकतो, हे अलंकारिक नाही.

आणताना आउटपुट ट्यूब काढून, नंबर टाकून, वेगळ्या खोक्यात गुंडाळा. मिरजेहून तानपुरा आणणारा माणूस भोपळा मांडीवर घेऊन बसतो, हा खोका तसाच आणा. हेड मात्र ट्रान्सफॉर्मरची बाजू ओळखून उचला, नाहीतर जड कडेचा माणूस शिव्या देतो.

७. घरी आणल्यावर

प्रीअँपच्या ट्यूब तुम्ही स्वतः बदलू शकता, त्याच नंबरची लावा म्हणजे झालं. आउटपुट ट्यूब एकमेकींशी जुळवलेल्या संचातच घ्यायच्या आणि बसवल्यावर बायस लावून घ्यायचा. काही हेडच्या मागे बायसचे दिवे असतात, त्यांनी काम सोपं होतं. सहा ट्यूबच्या हेडला सहाचा संच लागतो, चारच्या हेडला चारचा. हा फरक दुकानात उभं राहिल्यावर फार मोठा वाटतो. आज नव्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात, त्यामुळे एक जादा संच घरात असलेला बरा. एकेकाळी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओच्या ट्यूब बनवायची. म्हणून कधी जुन्या रेडिओवाल्या काकांकडे गेलात तर "ट्यूब" म्हणू नका, ते ट्यूबलाईट समजतात. "व्हॉल्व" म्हणा, चेहरा खुलतो. माझ्या हेडचे गळके कपॅसिटर अशाच एका काकांनी शोधून दिले. बायसला मात्र मी पुण्याला नेतो.

पावसाळ्यात खोलीत ओल असते. हेडवर प्लॅस्टिक घालून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती चादर घाला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, अर्थात स्पीकर जोडून.

माझं सांगायचं तर ते पहिलं हेड, एसव्हीटी, गेलं, तळमजल्यावर तालीम करणाऱ्या एका बँडला दिलं, चांदीची गोष्ट सांगून आणि खरा फ्यूज घालून. माझ्याकडे आता शंभर वॅटचं हेड आणि आठ ओहमचं एक कॅबिनेट आहे, ते दोघंजण एका दमात वर नेतात.

कार्यक्रम संपल्यावर आधी स्टँडबाय, मग पॉवर, आणि उचलायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, गरम ट्यूबला धक्का सोसत नाही. मंडपात असाल तर शेवटच्या गाण्याआधीच जनरेटरवाल्याला गाठून सांगून ठेवा, की बंद करायच्या आधी स्टेजकडे एक हाक मार.